कुंडलच्या भिंतीखालचे चेंबर

गेल्या दिवाळीच्या अंकात आपल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी कुंडलच्या दोन भावांच्या भिंतीविषयी जो लेख लिहिला, तो मी दोनदा वाचला. पहिल्या वाचनात मला राग आला आणि दुसऱ्या वाचनात तो पक्का झाला. गुरुजींच्या लेखात मी ‘एक साधाभोळा नळकामगार’ आहे. मी साधा नाही, भोळा तर मुळीच नाही, आणि नळ हा माझ्या धंद्याचा सोपा भाग आहे. नळातून पाणी येते तेव्हा त्याच्यामागे मोटारीचा किंवा टाकीचा जोर असतो. वापरलेले पाणी घराबाहेर जाते तेव्हा त्याच्यामागे कोणी नसते. असतो तो फक्त उतार, आणि तो मिस्त्रीने दिलेला असतो. शिवाय मी त्या घरात ‘तुटलेली माणसे जोडली’ असे गुरुजींनी लिहिले आहे. मी पाइप जोडला. माणसे जोडायला मला कोणी बोलावले नव्हते, आणि बोलावले असते तरी मी ते काम घेतले नसते. त्या कामाची हमी देता येत नाही.

याच कामाची आणखी एक कथा माझा जुना सोबती मुबारक फरशीवाला चहाच्या टपरीवर सांगत असतो. तिच्यात मी संडास उलटा जोडतो. दोन्ही कथा खोट्या आहेत. गुरुजींच्या कथेत माझी स्तुती आहे म्हणून ती कमी खोटी ठरत नाही. तिसरी आणि खरी हकीकत लिहिण्याचा अधिकार, मला वाटते, ज्याने चेंबरात हात घातला त्याचा आहे.

प्रथम धंद्याविषयी थोडे. माधवनगरच्या एका गिरणीच्या दुरुस्ती खात्यात मी पाइपकाम शिकलो आणि गिरणी बंद पडल्यावर घरोघरची कामे घेऊ लागलो. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मी जेवढी घरे आतून पाहिली, तेवढी मतदार याद्या करणाऱ्यांनीही पाहिली नसतील. घर बांधताना माणूस देवघराचा विचार करतो, दाराच्या चौकटीचा करतो, टीव्ही कुठे लावायचा याचाही करतो. संडास मात्र उरलेल्या जागेत बसवतो आणि पुढे जन्मभर तो इकडचा तिकडे नेण्याच्या विचारात राहतो. उंब्रजच्या एका सद्‌गृहस्थांनी वास्तू सांगणाऱ्यांच्या सल्ल्याने आपला संडास आधी एका कोपऱ्यात नेला, मग दुसऱ्या कोपऱ्यात, आणि अखेर सल्लागार बदलून होता तिथे परत आणला. तिन्ही वेळा ढाळ मीच दिला आणि तिन्ही वेळा तो बरोबर होता.

ढाळ म्हणजे पाइपाचा उतार. लोकांना वाटते, उतार जितका जास्त तितके चांगले. तसे नाही. उतार कमी पडला तर सगळेच वाटेत बसते. जास्त झाला तर पाणी एकटेच पुढे पळून जाते आणि ज्याच्यासाठी ते सोडले, ते मागे राहते. दोघांनी बरोबर चालले पाहिजे. एवढे समजले की माझा निम्मा धंदा समजला.

आता कुंडल. रंगराव हे फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले थोरले भाऊ. शामराव धाकटे, त्यांची नोकरी एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर झाली. वाटणी झाल्यापासून दोघांत बोलणे नव्हते. एका लांबलचक घराचे आणि परड्याचे दोन भाग करून मधोमध पुरुषभर उंचीची भिंत घातली होती. त्यांची आई, जिला सगळे गाव आक्का म्हणते, तिचीही वाटणी झाली होती: एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत थोरल्याकडे, मग धाकट्याकडे. त्यात आपल्याकडच्या कोणालाही नवल वाटणार नाही. दोन्ही भाऊ पाळी चुकवत नसत आणि गावात ते अभिमानाने सांगत.

अडचण संडासाची होती. रंगरावांचा संडास परड्याच्या पार टोकाला, सेप्टिक टाकीशेजारी. शामरावांनी नवे घर बांधताना तो माडीवर काढलेला. आक्काचे गुडघे गेलेले. परडे ओलांडायला सुनेचा हात लागे, माडी चढायला मुलाचा. आक्काने त्यावर स्वतःच उपाय काढला होता. दुपारचे जेवण झाले की ती पाणी पीत नसे. लघवीला जळजळ होऊन ताप आला, पलूसच्या डॉक्टरांनी दम भरला, तरी ऐकेना. ‘रातीचं कुणाला उठवायचं?’ एवढेच म्हणे. मग सुभेदारांनी मला फोन केला.

मी गेलो तेव्हा ते अंगणात पाठ ताठ करून उभे होते.

“मिस्त्री, आक्काच्या खोलीला लागून कोठीची खोली हाय. तितं संडास आणायचा. कमोड. आन एक ध्यानात ठेवा, पायरी नको. तिचा पाय ईतभर बी उचलत न्हाई.”

“पायरी नको म्हंजे जुनी लाइन खोल पायजे,” मी म्हणालो. “चेंबर कुठं हाय?”

सुभेदारांनी नजर भिंतीवरून परड्याकडे नेली. चेंबर म्हणजे जमिनीतला तो विटांचा चौकोनी हौद, जिथे घरातले पाइप एकत्र येतात आणि पुढे एकाच पाइपाने टाकीकडे जातात. झाकण उचलून तिथे साफसफाई करता येते.

“हुतं,” ते म्हणाले. “वाटणीच्या आदी हुतं. आता दिसत न्हाई. त्येच्याकडं गेलं आसंल.”

‘त्येच्याकडं’ म्हणताना त्यांनी भिंतीकडे हनुवटी केली. वाटणीत शेत मोजले होते, विहिरीच्या पाळ्या ठरल्या होत्या, चिंचेच्या झाडाच्या पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या फांद्याही वाटून घेतल्या होत्या. गटार कोणी वाटले नव्हते. ते दोघांचे जमिनीखालून एकत्रच चालले होते.

मी कोठीच्या खोलीपासून चर घेतला. भिंतीजवळ जुना चिनीमातीचा पाइप लागला. चांगला होता, त्या काळचे लोक पाइप दिसणार नाही हे माहीत असूनही सरळ घालत. ढाळ मापला आणि जुन्यात नवा तात्पुरता अडकवून ठेवला. पक्का सांधा करण्याआधी वाहून बघावे, ही माझी पद्धत. मुबारक फरशीचे माप घ्यायला आला होता. त्याला मी भरलेल्या दोन बादल्या एकदम ओतायला सांगितल्या.

पाणी छान गेले. गडगडत गेले. मी सुभेदारांकडे पाहिले आणि तेवढ्यात भिंतीपलीकडून शामराव ओरडले. ते आंघोळीला बसले होते. दुसऱ्या क्षणी भिंतीवर त्यांचे डोके आले, साबणासकट.

“मिस्त्री! त्या सुभेदाराला इचारा, न्हाताना मानसाच्या पायात घाण सोडायची ही कुटली रीत?”

सुभेदार माझ्यापासून हातभर अंतरावर उभे होते. त्यांनी वर न बघता मला सांगितले, “मिस्त्री, त्येला सांगा, आमी इकडनं सोच्छ पाणी सोडलंया. घाण आली आसंल तर ती त्येचीच हाय.”

“त्यास्नी म्हनावं, फौजेत ह्येच शिकलासा काय?”

“त्येला म्हनावं, फौजेत आसता तर आंघूळ कवाच उरकली आसती!”

“आवं, दोघं बी मला ऐकू येतायसा,” मी म्हणालो, “आन एकमेकास्नी बी येतायसा. मी मधी कशाला?”

मुबारक बादली खाली ठेवून चरात बसून हसत होता, आणि त्याची कथा तिथेच तयार झाली: मिस्त्रीने संडास उलटा जोडला आणि धाकट्याच्या न्हाणीत काढला. हा आरोप मी लेखी खोडून काढतो. पाणी उलटे जात नसते. पुढची वाट बंद असली की ते सगळ्यांत सखल तोंड शोधते, आणि त्या दिवशी ते शामरावांच्या न्हाणीत होते. डॉक्टर गुडघ्यावर हातोडी मारतो आणि पाय उडतो, तेव्हा डॉक्टरने लाथ मारायला शिकवले असे कोणी म्हणत नाही. दोन बादल्यांत मला कळले की दोन्ही घरांच्या लाइनी अजून एका जागी मिळतात, त्या जागेच्या पुढे तुंबलेले आहे, आणि ती जागा ना इकडे आहे, ना तिकडे.

“चेंबर भिंतीखाली हाय,” मी म्हणालो.

सुभेदारांनी मान खाली घातली, भिंतीवरचे डोके जरा खाली गेले. मग उलगडले. मोजणीची रेघ नेमकी चेंबरावरून गेली होती. ते आपल्या हद्दीत कोणालाच नको होते, आणि दुसऱ्याच्या हद्दीत गेले तर आपली लाइन त्याच्या ताब्यात जाईल म्हणून तेही नको होते. तेव्हा गवंड्याने झाकणावर दगडी लादी टाकली आणि लादीवर भिंत उभी केली. दोघांचे समाधान झाले. इतका समतोल न्याय मी दुसऱ्या कुठल्या बांधकामात पाहिलेला नाही.

“भिंत फोडावी लागंल,” मी सांगितले.

“ही सरहद्द हाय,” सुभेदार म्हणाले. “हात लावायचा न्हाई.”

“ही आमची आब्रू हाय,” भिंतीवरचे डोके म्हणाले. साबण आता वाळला होता.

वाट एकच उरत होती: नवा पाइप घराला वळसा घालून थेट टाकीपर्यंत न्यायचा. सुभेदारांना ती पसंत पडली. पण लांबी वाढली की ढाळासाठी सुरुवात उंच करावी लागते. मी पाणी भरलेल्या नळीने लेव्हल काढली आणि कोठीच्या भिंतीवर कोळशाने रेघ मारली. कमोड तिथे बसला असता. खाली दोन पायऱ्या आल्या असत्या. रेघ बघून सुभेदार खुर्चीत बसले. दोन पायऱ्यांचा संडास आक्काला परड्यातल्या संडासाइतकाच लांब होता.

गुरुजींच्या लेखात इथे ‘मातेच्या अश्रूंपुढे ती भिंत वितळली’ असे वाक्य आहे. आक्का रडली नाही. ती दारात पाट टाकून लसूण सोलत होती आणि पहिल्यापासून सगळे ऐकत होती. तिने मला हाक मारली.

“मिस्त्री, त्या पपईपासनं दोन हात अलीकडं बघ. तितं चेंबरचं झाकण हुतं. त्येच्यावर बसून ह्या दोगांची दुपटी धुतल्यात मी.” मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “शामा, हाईस का गेलास?”

“हाय की.”

“आमुशेला मी तुज्याकडं यायची. माडी चढून मला जमत न्हाई. हितं संडास हूत न्हाई, पर परडं तरी सपाट हाय. मग मी आसं करते, पाळी बंद करते. बारा म्हयनं थोरल्याकडंच ऱ्हाते.”

शामरावांचे डोके भिंतीवर आणखी वर आले. “आगं आक्का! लोक काय म्हनतील? शामानं आईला टाकली म्हनतील की!”

“म्हनू देत.”

आता सुभेदारही खुर्चीतून उठले होते. बारा महिने हा शब्द त्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचला होता, आणि आत पातेले जरा जोरात ठेवल्याचा आवाज मी स्वतः ऐकला.

“आक्का, तसं न्हाई,” ते घाईने म्हणाले. “पाळी म्हंजे पाळी. ज्येचा त्येला हक्क पायजे.”

“मग भिंत?”

“मिस्त्री,” सुभेदार म्हणाले, “फोडा.”

“मिस्त्री,” पलीकडून आवाज आला, “त्येंच्या आदी मी म्हनलो आसं धरा. फोडा.”

भिंत फुटली ती अशी. तिच्यात अश्रू नव्हते. एकाला आई जाण्याची भीती होती, दुसऱ्याला ती न जाण्याची, आणि दोन्ही भीतींचे तोंड एकाच विटेकडे होते. दोघांनी हातोडे घेतले आणि पहिल्या खिंडारातून एकमेकांचे हात हाती घेतले, असेही गुरुजी लिहितात. हातोडा माझा होता आणि माझ्याच हातात होता. भाऊ काय करीत होते, तर पडणाऱ्या विटा उचलून आपापल्या बाजूला रचत होते. एक वीट मधोमध पडली. ती दोघांनीही उचलली नाही. शेवटी मुबारकने तिचा उपयोग पाट म्हणून केला.

लादी पपईपासून बरोबर दोन हातांवर निघाली. खाली चेंबरात वाटणीच्या वेळचा गवंड्याचा उरलेला माल, फुटक्या विटा आणि उंबराच्या मुळांचा दाढीसारखा झुपका भरला होता. ते मी उपसले. आत काय काय होते ते सणाच्या अंकात लिहीत नाही. वाट मोकळी झाली तेव्हा शामरावांच्या न्हाणीने मोठा घोट घेतल्यासारखा आवाज केला, आणि ते म्हणाले, “आयला, मी किती वरसं आसिड वततोय!”

आता मुख्य काम, ज्याला गुरुजींनी लेखात अर्धी ओळही दिलेली नाही. जुना पाइप चिनीमातीचा, नवा प्लॅस्टिकचा. मातीला प्लॅस्टिक चिकटवायचे सोल्यूशन धरत नाही आणि गुळगुळीत प्लॅस्टिकला सिमेंट धरत नाही. दोघांची मापेही जुळत नाहीत. हल्लीची मंडळी नवा पाइप जुन्यात कोंबतात, वर सिमेंट फासतात आणि फोन उचलायचे बंद करतात. मी जुना पाइप शाबूत तोंड मिळेपर्यंत हलक्या हाताने मागे काढला. नव्याच्या टोकाला सोल्यूशन लावून ते ओले असतानाच त्यावर कोरडी वाळू शिंपडली, म्हणजे त्याला खरखरीत अंग आले आणि सिमेंट धरायला जागा झाली. दोन्हींमधल्या फटीत सिमेंटच्या कालवणात भिजवलेला ताग ठोकून भरला, नवे तोंड जुन्याच्या मधोमध राहील हे आतून बोट फिरवून पाहिले, आणि मग बाहेरून माल चढवला. आत बोटाला कुठे कंगोरा लागला नाही. सांधा बुजवण्याआधी मी मुबारकला फोटो काढायला सांगितले. त्याने भिंतीतल्या भोकाचा काढला. तोच गेल्या वर्षीच्या अंकात छापला आहे, खाली ‘स्नेहाची खिडकी’ असे लिहून.

ती खिडकी नाही. चेंबर उघडता आले पाहिजे, म्हणून वरती सळया घालून काँक्रीटची पट्टी टाकली आणि खाली गुडघ्याएवढी जागा मोकळी ठेवली. झाकणाला दोन कड्या, एक इकडे आणि एक तिकडे, हे खरे. झाकण इतके जड की एकट्याला उचलत नाही, हेही खरे. पण त्यात ‘दोन भावांना एकत्र आणण्याची युक्ती’ नव्हती. झाकण हलके असले की वास येतो, झुरळे येतात आणि पोरे ते उचलून बघतात. दोन कड्या ठेवल्या, कारण मधे भिंत होती. भाऊ आजही बोलत नाहीत. पुढे शामरावांनीही खालच्या मजल्यावर कमोड बसवला, तो मीच त्याच चेंबराला जोडला, आणि आता आक्काची पाळी दोन्हीकडे सुखाने चालते. साफसफाईला झाकण काढायचे झाले की एक भाऊ इकडून वाकतो, एक तिकडून. ‘उचल’ आणि ‘ठेव’ हे दोन शब्द होतात. गुरुजींना त्याला संवाद म्हणायचे असेल तर त्यांनी म्हणावे.

राहिला शेवटचा मुद्दा. नव्या संडासात आक्का पहिल्यांदा गेली, तेव्हा ‘वृद्ध मातेच्या डोळ्यांत कृतज्ञतेचे आनंदाश्रू तरळले’ असे छापले आहे. मी तिथे होतो. गुरुजी नव्हते.

मुबारकची फरशी बसली होती. खरखरीत फरशी घाल, हे मीच सांगितले होते. धरायला भिंतीत दांडी होती. पायरी नव्हती. सगळे झाल्यावर आक्काने दाराकडे बोट केले.

“कडी कुटं हाय?”

“आतनं कडी नको, आक्का,” सुभेदार म्हणाले. “पडलीस बिडलीस तर?”

“बराबर हाय,” भिंतीच्या भोकातून शामराव म्हणाले. ते चेंबरापाशी गुडघे टेकून बसले होते. “दार नुसतं लोटून घ्यायचं. वैनी हुब्या ऱ्हातील भाईर.”

आक्काने दोघांकडे पाहिलेसुद्धा नाही. “मिस्त्री, कडी लाव. बसल्या जागंवरनं हात पोचंल आशी.”

मी बसून हात लांबवून पाहिले आणि कडी खाली लावली. अडचणीला बाहेरून पेचकसाने फिरवता येईल अशी ती असते. हे मी दोन्ही मुलांना हळूच सांगितले, आक्काला सांगितले नाही. तिने तांब्याभर पाणी मागवले, उभ्यानेच प्याली आणि दांडी धरून एकटी आत गेली. कडी लागल्याचा आवाज आला.

आम्ही बाहेर. सुभेदार दारापाशी ताठ. सून पदर धरून. शामराव भोकात. मी झाकण बाजूला करून चेंबराशी वाकलेला. बराच वेळ काही नाही.

“आक्का,” सुभेदारांनी विचारले, “बरी हाईस न्हवं?”

त्यांनी दाराला कान लावला.

“आक्का,” भोकातून आवाज आला, “काय लागतंय का?”

“व्हय, लागतंय,” आतून आक्का म्हणाली. “आपापल्या घरला जावा दोघं बी. म्हातारीला जरा निवांत बसू द्या.”

कोणी हलले नाही. दोघे भाऊ बंद दाराकडे बघत होते. दाराआड कोणाच्या डोळ्यांत काय तरळले, ते मला ठाऊक नाही आणि गुरुजींना तर नाहीच. मी चेंबरात बघत होतो. वरती फ्लशचा आवाज झाला, माझ्या सांध्यातून पाणी आले, जे आणायचे ते बरोबर घेऊन आले, आणि भिंतीखालून न अडता पुढे गेले.